कडी आहे माझ्या हाती

॥ श्री ॥

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
सोमवार, दि. ३ फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथ यास दैवशाला आत्याचे अ. उ. आ. आशीर्वाद द्यावे लागतात म्हणून दिले, सध्या मनातून न्हाईत.

मंग तुला काय वाटलं, तू तिकडं जालन्यात खोलीत बसून मनाला येईल ते लिहावं, त्या तुझ्या तन्वीरनं त्याला ठेका लावावा, अन् इथं आम्ही निस्तरत बसावं? तुझ्या गाण्यानं माझ्या घरात शिरून माझ्या पोरीचं कॉलेज बंद केलंय. जिला तू सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून गावभर फिरवायचा ती तृप्ती, तुझी आतेबहीण. दुसऱ्या कुणाची न्हाई.

फोनवर बोलले असते तर तू मधीच रेंज गेली म्हटला असता. कागदाची रेंज जात न्हाई. शिवाय घरातला एकच चांगला फोन आमच्या ह्यांच्या, तुझ्या मामांच्या खिशात असतो अन् ते स्पीकरवर लावून गल्लीला ऐकवतात. म्हणून चौथी पास बाईनं आज पोरीच्या वहीची पानं फाडली. कचरूची काळीपिवळी जीप रोज जालन्याला येते. त्याच्या हातून कागद पाठवून राह्यले, उत्तर बी त्याच्याच हाती दे.

तर ऐक. तृप्ती सकाळच्या एसटीनं जाफराबादला जाते, बीएस्सीचं दुसरं वर्ष. गेल्या महिन्यापासून स्टँडवर चार टवाळ जमायला लागले. एकानं तिला चहाला चल म्हटलं. ती न्हाई म्हटली. मान खाली घालून नव्हं, तोंडावर न्हाई म्हटली. तर त्यानं तुझं गाणं धरलं अन् बाकीच्यांनी टाळ्या धरल्या:

तोंडानं न्हाई म्हणते, डोळ्यानं म्हणते ये,
नखरा तुझा कळला पोरी, हात हातात दे.

मंग रोजचंच झालं. तिनं न्हाई म्हणायचं, त्यांनी गायचं. ती गप बसली तर म्हणे बघा, आता तोंडानं बी न्हाई म्हणत न्हाई. कंडक्टर हसला म्हणे. पोरीनं आठ दिवस डोकं दुखतंय सांगितलं अन् मी येडी चष्म्याचा नंबर काढायला निघाले होते.

शेवटी मामांच्या कानावर गेलं. परवा जेवताना त्यांनी जाहीर केलं की पोरगी घरी राहील, परीक्षेचा फॉर्म भरायचा न्हाई. वरून म्हणाले की गाण्यात काय खोटं आहे, हिनंच एखादवेळी बघितलं असन, त्याशिवाय कोण कशाला गातं. हे म्हणून राह्यले अन् त्यांच्या खिशातला फोन वाजला. कोणतं गाणं वाजलं ते तुला सांगायला पायजे का? भाच्याचं गाणं म्हणून त्यांनी महिन्याखालीच लावून घेतलंय. तृप्ती ताटावरून उठून गेली. गाणं मात्र पूर्ण वाजलं, कारण त्यांचा हात खरकटा होता.

फॉर्मची शेवटची तारीख चोवीस, सोमवार. तवर हे गाणं जिथून काढायचं तिथून काढ अन् मामांना सांग की ते खोटं आहे. गुरुवारपर्यंत उत्तर पायजे. भागवतला अन् वहिनीला, तुझ्या आईबापाला, आष्टीला सध्या काही कळवू नको, माझा भाऊ उगी रातोरात निघून येईल.

लोभ जुना आहे म्हणून तुटत न्हाई, पण फळीवर ठेवलाय.

तुझी आत्या,
दैवशाला

---

जालना
गुरुवार, दि. ६ फेब्रुवारी २०२५

ती. दैवशाला आत्या हिस आदिनाथचा सा. न. वि. वि.

कचरूकाकांनी तुझा कागद मोबाइलच्या दुकानात भर गिऱ्हाइकात आणून दिला आणि वाचून होईपर्यंत हलायचं नाही असा आत्याचा हुकूम आहे म्हणून काउंटरला टेकून उभे राहिले. काउंटरखाली वाकून वाचला. तृप्तीचं वाचून जेवण गेलं नाही. त्या पोरांची नावं कळव. मी चार मित्र घेऊन येतो, पुन्हा स्टँडवर दिसणार नाहीत.

पण आत्या, गाण्याचं तू जरा जास्तच धरलंस. गाणं मजेचं आहे. टवाळांना हे नसतं मिळालं तर दुसरं मिळालं असतं. ऐकणाऱ्यांत बायका काही कमी नाहीत. हळदीत डीजेवर हे लागलं की सगळ्यात आधी कोण उठतं ते तू बघितलंच असशील. मला तर टेंभुर्णीहून असंही कळलंय की पहिल्या आठवड्यात खुद्द एका आत्यानं ठेका धरला होता. नाव सांगत नाही. आणि गाणं काढायचं म्हणशील तर ते आता माझ्या हातात नाही. कंपनीला दिलंय, हजारो फोनमध्ये गेलंय. शिंपडलेलं पाणी वेचून आणू कसं?

राहिलं बायकांना नावं ठेवण्याचं. ते तू मला सांगावंस? नंदाबाई आत्याची हळद आठव, तुझ्या नणंदेची. तुमच्याच घरात. मी नऊ वर्षांचा होतो. हळदीचं ताट धरायला तुम्ही मला आत बसवलं, बाकी पुरुषमाणूस तितका हाकलला आणि दार लावून घेतलं. मग तुम्ही व्याह्याबद्दल आणि विहिणीबद्दल जे जे गायलात ते मी आजही कागदावर लिहू शकत नाही, पेन लाजतं. माझ्या गाण्यात त्याच्या पावपट पण नाही.

आणि आता खरं सांगतो. ती ओळ मी रचलेली नाही. ती त्या दिवशी तुझ्या तोंडून ऐकली. तोंडानं न्हाई म्हणते, डोळ्यानं म्हणते ये. तू गात होतीस, गल्लीतल्या चतुरामावशी ताट वाजवत होत्या, आणि तुझ्या सासूबाई सगळ्यात जास्त हसत होत्या. सोळा वर्षं ती ओळ माझ्या डोक्यात होती. तन्वीर म्हणतो की गाण्यात तेवढीच ओळ चांगली आहे, बाकी मी भरती केलीय. मग आत्या, आता खटला भरायचा तर कुणावर भरायचा?

मामांना माझा नमस्कार. त्यांच्याशी या विषयावर बोलायला जीभ रेटत नाही, ते फार कौतुक करतात.

फळीवरचा लोभ तेवढा धूळ न बसू देता ठेवावा.

तुझा,
आदिनाथ

---

॥ श्री ॥

टेंभुर्णी
रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथ यास अ. उ. आ. या वेळेस निम्मे मनातून.

तुझा कागद वाचला अन् धुण्याच्या दगडावर बसून एकटीच हसले. मंग हसू गेलं अन् अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझंच गाणं माझ्या पोरीच्या मागं लागलंय अन् मी दुसऱ्याला शिव्या देऊन राह्यले.

कबूल. ओळ माझी. सोळा वरसांत परत तोंडात आली न्हाई म्हणून तुझ्या गाण्यात ओळखू आली न्हाई. नाचले ते बी कबूल. ठेका चांगला आहे, पाय शब्द विचारीत न्हाईत. अन् हळदीत आम्ही घाण गातो ते तर बिलकुल कबूल, त्याची मला लाज न्हाई. वरसातून चार वेळा दार लावून बाया मन मोकळं करतात, तुमच्या बापाचं काय जातं? पण ज्या व्याह्याचं नाव घेऊन गातो त्याला आधीपासून माहीत असतं की आज आपली पाळी आहे. त्यानं ऐकून घ्यायचं, उठून जायचं न्हाई, अन् वरसभरानं त्यांच्याकडच्या बाया आमची पाळी घेणार. तृप्ती हळदीला बसली नव्हती रे. ती एसटीची वाट बघत होती.

आता ओळीचं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं न्हाई. माझ्या लग्नाला दोन वरसं झालेली. घर दोन खोल्यांचं. दिवस मावळला की सासूबाई उंबऱ्यावर तूर निवडत बसायच्या अन् बाहेरचं माणूस आत येईना, आतलं बाहेर जाईना. तुझे मामा ओसरीवरून खुणा करायचे. मी तोंडानं न्हाई म्हणायचे, सासूबाईंना ऐकू जावं म्हणून. अन् डोळ्यानं ये म्हणायचे, कारण मलाच वाटायचं की यावं. माझा नवरा, माझे डोळे. लसूण निवडता निवडता ते गाणं झालं.

तू काय केलंस? माझे डोळे काढून नेले अन् रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्या पोरींच्या तोंडावर बसवले. अन् म्हणायला लावलं कुणाला, तर ज्याला कुणी ये म्हटलंच न्हाई त्याला.

अन् अर्धंच नेलंस. तू ताट मांडीवर घेऊन झोपला होतास, तुझी हनुवटी हळदीनं पिवळी झाल्ती. पुढचं असं आहे:

तोंडानं न्हाई म्हणते, डोळ्यानं म्हणते ये,
सासू बसली उंबऱ्यावर, दम थोडा घे.
कडी आहे माझ्या हाती, काढीन मी तवा,
तवर बस ओसरीवर, खात गार हवा.

कडी कुणाच्या हाती आहे ते वाच परत एकदा. तुझ्या गाण्यात दारच न्हाई तर कडी कुठली?

मित्र आणू नको. चार पोरं मारायला चार पोरं आली की गाव म्हणतं पोरीसाठी हाणामारी झाली, मंग तर ती जन्माची घरात. माझा मी बंदोबस्त करते, मला गाण्याची भाषा येते. तू फक्त मामांना सांग. माझं त्यांना पटत न्हाई, तुझं पटतं, तू फोनात दिसतो. मात्र ती ओळ त्यांच्यावरची आहे हे अजून त्यांना माहीत न्हाई. ते तू सांगू नको. ते सांगायचं तर मी सांगीन.

लोभ फळीवरून काढून खिडकीत ठेवलाय. अजून हातात दिलेला न्हाई.

आत्या

---

टेंभुर्णी
गुरुवार, दि. १३ फेब्रुवारी २०२५

ती. आदिनाथदादास तृप्तीचा सा. न. वि. वि.

आईला न विचारता लिहितेय. कचरूकाकांना सांगितलंय की हे नोट्सचं झेरॉक्स आहे.

काल काय झालं ते तुला आईकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळू दे, कारण ती स्वतःचं कमी करून सांगेल आणि चतुरामावशी वाढवून. अर्पिताताईची, आमच्या काकांच्या मुलीची, हळद तेवीस तारखेला आहे. आईनं अप्पांना सांगितलं की जाफराबादला बांगड्या भरायला जायचंय आणि तृप्तीला रंग कळतात. अशी मला तीन आठवड्यांनी एसटी मिळाली. बरोबर आई धरून सात बायका. चतुरामावशी पुढच्या सीटवर, डोळ्यांपर्यंत पदर. त्यांच्या पिशवीत पितळेचं ताट. मला वाटलं बांगड्या ठेवायला घेतलंय.

ते चौघं नेहमीसारखे मागे चढले. एसटी गावाबाहेर पडली आणि गाणं सुरू झालं. आईनं पूर्ण ओळ होऊ दिली. मग पुढून ताट वाजलं आणि आईनं सासूबाईचं आणि कडीचं कडवं खड्या आवाजात घेतलं, बाकीच्या पाच जणींनी मागून धरलं. सगळी एसटी वळून बघायला लागली. आणि मग चतुरामावशी पदर मागे टाकून उभ्या राहिल्या. दादा, तुला आईनं त्या गाणाऱ्या मुलाचं नाव कळवलं नव्हतं. तो भारत. चतुरामावशींचाच मुलगा. आईनं त्यांना एवढंच सांगून आणलं होतं की एका टवाळाची पाळी घ्यायचीय, कोणाची ते गाडीत कळेल. मावशींनी आवाज ओळखला, क्षणभर ताट थांबलं, आणि मग त्यांनी जागच्या जागी जोडलं:

चतुराबाईचा भारत बाई एसटीमधी गातो,
आई चुरून देते भाकर तवा पोटभर खातो.

कंडक्टर इतका हसला की त्याला तिकिटं फाडता येईनात. मग आईनं त्याचंही एक कडवं केलं आणि तो हसायचा थांबला. हळदीचा नियम सगळ्यांना ठाऊक, ज्याचं नाव गाण्यात आलं त्यानं ऐकून घ्यायचं. भारत ऐकून न घेता पुढच्या फाट्यावर उतरला आणि चालत घरी गेला. घरी मावशींनी त्याला भाकरी चुरून दिली नाही म्हणे, अख्खी दिली.

हे सगळं चांगलं झालं. पण कुणीतरी ते फोनमध्ये घेतलं आणि संध्याकाळपर्यंत अप्पांच्या फोनवर आलं. त्यांनी तीनदा बघितलं आणि एवढंच म्हणाले की आता तालुक्याला कळलं. फॉर्म तसाच कपाटावर आहे. आईला वाटलं होतं की पोरं गप्प झाली की संपलं. पण अप्पांचा प्रश्न पोरांबद्दल नाहीच, माझ्या डोळ्यांबद्दल आहे.

तुझ्यावर राग नाही म्हणणार नाही, थोडा आहे. गाणं आलं तेव्हा मीच मैत्रिणींना सांगितलं होतं की हे माझ्या दादाचं आहे, आणि दोनदा परत लावलं होतं. मी तेव्हा शब्द ऐकलेच नव्हते. नंतर स्टँडवर मी नाही म्हणत होते आणि ते कोणाला ऐकूच जात नव्हतं. तेवढं एक वाईट वाटलं. बाकी ठीक.

माझ्या वाट्याचा लोभ हिशेबात धरू नकोस, तो आईच्या लोभापेक्षा वेगळ्या डब्यात आहे.

तुझी,
तृप्ती

---

जालना
सोमवार, दि. १७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या हिस सा. न. वि. वि.

एसटीतलं जालन्यातही आलं. तन्वीरच्या घरी सगळ्यांनी बघितलं. त्याची आई सुगराबी चाची हसून हसून बेजार झाल्या. म्हणाल्या की आमच्याकडं शादीत बायका दूल्ह्याला असंच बराबर सुनावतात, पण तुम्ही दोघांनी त्या बिचाऱ्या ओळीचं काय करून ठेवलं? नंतर तन्वीरच्या मोटारसायकलवर मागं बसून मी त्याला तुझं कडीचं कडवं वाचून दाखवलं तर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, गाणं हे होतं, आपण टाकून द्यायचा भाग उचलला.

आत्या, तुझं बरोबर आहे. मी दोन दिवस ते मान्य न करण्याची कारणं शोधत होतो, सापडली नाहीत. कंपनी याच ओळीवर दुसरा भाग मागत होती, त्यांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा फोन आला तेव्हा तृप्ती आठवली. तन्वीर आणि मी ठरवलंय की गाणं नव्यानं करायचं, अख्खं, तुझ्या आवाजात, चतुरामावशींचं ताट, तुझं नाव. डीजेचा ठेका नको म्हणशील तर नको.

मामांना दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा त्यांनी आधी माझं कौतुक केलं, कोण कोण गाणं ऐकतं ते सांगितलं, आणि मला पुढचं बोलताच आलं नाही. डरपोक आहे मी. अर्पिताच्या हळदीला यायला पाहिजे, पण त्या दिवशी जालन्यात एक कार्यक्रम आहे. जमलं तर बघतो.

खिडकीतला लोभ आत घ्यावा, बाहेर ऊन वाढतंय.

तुझा,
आदिनाथ

---

॥ श्री ॥

टेंभुर्णी
गुरुवार, दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. आदिनाथ यास अ. उ. आ. पूर्ण मनातून, पण पुढचं वाचून घे.

तुझ्याच्यानं झालं न्हाई म्हणून मीच सांगितलं. मंगळवारी दुपारी आम्ही दोघं वावरात हरभरा उपटून राह्यलो होतो. म्हटलं, तुमच्या फोनातली ओळ माझी आहे. त्यांनी मान वर केली न्हाई. म्हटलं, ते डोळे माझे, अन् ये म्हटलं ते तुम्हाला, अन् न्हाई म्हटलं ते तुमच्या आईला ऐकू जावं म्हणून. मंग त्यांचा हात थांबला. कोणत्या साली, म्हणून विचारलं. म्हटलं, तांबडा बैल घेतला त्या साली. हातातला हरभरा त्यांनी खाली ठेवला. मंग म्हणाले की म्हणजे महिनाभर मी माझ्या बायकोचं बोलणं खिशात घालून सगळ्या बाजाराला ऐकवत फिरलो. मी म्हटलं, व्हय. कान लाल झाले त्यांचे. पन्नाशीच्या माणसाचे कान लाल होतात हे मी पहिल्यांदा बघितलं.

परत हरभरा उपटायला लागले अन् म्हणाले, ओसरीवर किती हवा खाल्ली ते आठवतं मला. मी म्हटलं, तवा तुम्हाला बराबर माहीत होतं की कडी काढल्याशिवाय आत यायचं न्हाई. मंग पोरीच्या वेळेला कसं इसरले? म्हणाले, पण तिनं बघितलंच नसन हे कशावरून? म्हटलं, माझ्या डोळ्यांचं मी सांगितलं. तिच्या डोळ्यांचं तिला विचारा, तिला तोंड आहे.

संध्याकाळी त्यांनी तिला हाक मारली. महिनाभरात पहिल्यांदा विचारलं. ती म्हटली, न्हाई अप्पा, मी बघितलं न्हाई. त्यांनी तिच्याकडं पाह्यलं अन् बरं म्हणाले. परत विचारलं न्हाई. उठून कपाटावरचा फॉर्म काढला, झटकला अन् सही केली. आज ते स्वतः तिच्यासंगं एसटीत बसून जाफराबादला गेल्ते, फॉर्म भरून आले. म्हणे भारतनं त्यांना सीट दिली. फोनातलं गाणं बी काढलंय. आता नुसती साधी घंटी आहे, ती त्यांना ओळखू येत न्हाई, वाजत राह्यली तरी दुसऱ्याचा फोन समजून बसून राहतात.

तर तृप्तीचं झालं. ते तुझ्यावर टांगून ठेवलेलं न्हाई, म्हणून आता मोकळ्या मनानं उत्तर दे.

मी गाईन. तीन गोष्टी सांगते, त्या तन्वीरला बी वाचून दाखव. कडवं कापायचं न्हाई. ताट चतुराबाईच वाजवीन, अन् तिला जालन्याला आणायचा गाडीचा खर्चा तुमचा. सुगराबी चाचीला त्यांच्याकडची गाणी घेऊन बसवायचं, मला ऐकायचीत. पण मशिनीसमोर गायच्या आधी तुला ते गाणं जिथं झालं तिथं ऐकायला लागन. रविवारी अर्पिताची हळद आहे. डीजे मी बंद ठेवायला लावलाय, बाया गाणार आहेत. या वेळेस दार उघडं ठेवायचं ठरलंय, ओसरीवर गडीमाणसं बसतील अन् ऐकतील. तुझ्या मामांनी स्वतः सतरंजी टाकतो म्हटलंय. तू आत बसायचं, हळदीचं ताट मांडीवर घेऊन, अन् झोपायचं न्हाई. तुझी पाळी घ्यायची आहे. चतुराबाईनं तुझ्यावर पाच कडवी करून ठेवलीत, दोन मला सुद्धा ऐकवत न्हाईत.

अन् ते जमलं तर बघतो लिहिलंस, ते काय आहे? ते हो आहे का न्हाई? असं अर्धं लिहिणारा तूच, अन् वरून पोरी काय म्हणतात ते तुला डोळ्यात वाचता येतं.

शनिवारी कचरू संध्याकाळी पाचला तुझ्या दुकानासमोरून निघतो. तवर एका शब्दात लिहून दे, हो का न्हाई. हो लिहिलंस तर ताट घासून ठेवीन. न्हाई लिहिलंस तर मी न्हाईच वाचीन, त्यात दुसरं काही शोधणार न्हाई.

लोभ हातात घेऊन उभी आहे. शनिवार, पाच वाजता.

तुझी आत्या,
दैवशाला